काळजीचं कारण नाय

आमच्या मुरबाडच्या महिपत विशेला देवाने एकच कला भरभरून दिली होती: मयताची बातमी पोचवण्याची. कुणाच्या घरी कुणी गेलं की टोकावड्यापासून वाशिंदपर्यंतच्या सोयऱ्यांकडे महिपतलाच धाडायचे. तो जायचा, पाणी मागायचा, म्हशीचं कौतुक करायचा, भाताचं विचारायचा आणि मग हळूच म्हणायचा, “म्हातारीला जरा बरं नाय. काळजीचं कारण नाय. पण सगळीच चला.” या ‘सगळीच’वर बायका हंबरडा फोडायच्या. पण त्याच्यासमोर कुणी धसक्याने आडवं पडलं नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

पोटासाठी तो लग्नाच्या निमंत्रणपत्रिका छापून द्यायचा. बाजारात माझं सायबर कॅफे आणि शेजारी त्याचा गाळा. दोन हजार सहा साली मीच त्याला पत्रिका बनवायचा एक मराठी प्रोग्राम इंटरनेटवरून फुकटात उतरवून दिला. तो बनवणारी मंडळी हौशी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करणारी. दोन वर्षं प्रोग्राम धड चालला आणि नेमका महिपतच्या पोरीच्या, समीक्षाच्या, पत्रिकेला अडला. पत्रिका भरत आली की खिडकीच गायब व्हायची.

गिऱ्हाइकांच्या पत्रिका तीसेक नावांत आटपायच्या, पण महिपतच्या घरची पत्रिका म्हणजे अख्खी भावकी. काका, मामा, आत्या, मावश्या, त्यांचे जावई आणि तळाला ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं तरी माणूस रुसतो. मागे त्याच्या पुतण्याच्या पत्रिकेत गोजर आत्याच्या जावयाचं नाव राहिलं, तर आत्या हळदीला आली नाही, आणि ती राहते समोरच्याच घरात! त्यात पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवायचा दिवस तोंडावर आलेला. नावं कापली तर भावकी तुटणार, नाही कापली तर देवीपुढे ठेवायला पत्रिकाच नाही. महिपतची अन्नावरची वासनाच उडाली.

“प्रोग्रामवाल्यांना कळवू,” मी म्हटलं. त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ते सांगा. महिपत मजकूर सांगू लागला आणि मी टाइप करू लागलो.

“सर्वांना सप्रेम नमस्कार. आपण सुखरूप असाल. इकडे पाऊसपाणी बरं. आपल्या प्रोग्रामला जरा बरं नाही. काळजीचं कारण नाही. जमल्यास सगळ्यांनीच येऊन जावे.”

“अरे, काय बिघडलं ते सांग ना!” मी ओरडलो.

“एकदम कसा सांगू रे? त्यांनी जल्म दिलाय त्याला. घरात म्हातारा मानूस असंल, धसका घेईल.”

पुण्याहून कुणाली नावाच्या मुलीचं उत्तर आलं. काळजीचं कारण नाही हे वाचून तिला बरं वाटलं होतं. पाऊस तिच्याकडेही बरा होता. आमची तक्रार तिने यादीत सगळ्यात खाली सरकवली होती.

दुसऱ्या पत्रात महिपत एक पाऊल पुढे गेला: “प्रोग्राम थोडा अशक्त झाला आहे.” तिने विचारलं, हळू चालतो का? यावर या गृहस्थाने कळवलं, “घाबरू नका.” मला त्याचा असा संताप आला, की मी उठून चहा प्यायला निघून गेलो.

परत येतो तर खुर्चीत कमळवहिनी, महिपतची बायको. “बाजूला व्हा तुमी,” ती नवऱ्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “संदेशभाऊ, लिवा. मेला.”

मी आनंदाने लिहिलं आणि विचारलं, “कधी मेला?”

“मामांपर्यंत चांगला होता. पोराटोरांची नावं घातली नि मेला. परत उठवला, परत तितंच मेला.”

“काय व्हायला हवं होतं?”

“पत्रिका व्हायला पायजे होती! लेकीचं लगीन हाय. देवीपुढं काय कोरा कागद ठेवू?”

सोबत अर्धी भरलेली पत्रिकाही तिने जोडायला लावली. महिपत कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. अशी बातमी वाचल्यावर कुणालीला पुण्यात पाणी कोण देणार, याची त्याला चिंता.

संध्याकाळीच उत्तर आलं. चाळीसच्या वर नावं कुणी घालेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कुणाली तपासणीसाठी स्वतःच्या बहिणीची पत्रिका वापरायची, तिच्यात अकरा नावं. आता तिने शंभरांची सोय केली होती.

महिपतने ते दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले. “अकराच? पोरीला कोण हाय का नाय?”

नवा प्रोग्राम चढवला. पोराटोरांसकट सगळी भावकी बसली. महिपतने नावं मोजली, बरोबर शंभर. मी म्हटलं, छाप आता. तो म्हणाला, “थांब. मावश्यांच्या खाली एक नाव ऱ्हायलंय.” त्याने स्वतःच्या बोटाने सावकाश ‘कुणाली’ टाइप केलं. खिडकी गायब.

कमळवहिनीने कपाळावर हात मारला. महिपत मात्र ताठ बसला. ना पाऊस, ना म्हैस, ना सप्रेम नमस्कार.

“लिव,” तो म्हणाला. “शंभरपर्यंत चांगला होता. तुमचं नाव घातलं नि मेला. पण नाव काढनार नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. कुणालीने नावांची मर्यादाच काढून टाकली होती, आणि हळद किती वाजता लागणार ते विचारलं होतं.