आईच्या फोनमधलं स्वेटरचं पान

केडगावहून आईचा फोन आला तेव्हा मी न्हावऱ्याच्या घरी दुधाच्या किटल्या धूत होते.

"समदं पुसलं गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता स्वेटर कसा व्हायचा?"

माझ्या वहिनीला सातवा महिना लागला होता आणि आई बाळासाठी स्वेटर विणत होती. लोकर तिच्या ओळखीची. माहेरी मेंढरं होती, लहानपणी ती सूत कातायची. विणायच्या सुया मात्र तिनं साठीनंतर हातात घेतल्या, फोनमुळं. फोनशी बोलून शोधायला ती शिकली होती. असंच चित्रावरून चित्रावर जाताना तिला कुठल्याशा परदेशी बाईचं पान सापडलं. गळ्यापासून खाली विणत जायचा स्वेटर, पायरीपायरीनं फोटो. भाषा कुठली, ते घरात कुणालाच कळेना. आईचं काही अडलं नाही. ती फोटो मोठा करून टाके मोजायची. रोज हिस्ट्री उघडायची, लोकरीच्या लाल गुंड्याचं चिन्ह असलेली ओळ दाबायची आणि विणायला बसायची.

त्या दिवशी 'जागा भरली' असं फोन सारखा सांगू लागला. तो गप्प होईपर्यंत आईनं दिसेल ते बटण दाबलं. फोन गप्प झाला, पण हिस्ट्री रिकामी झाली. स्वेटर बाह्यांपाशी अडकला.

"परत बोलून शोध की," मी म्हणाले.

"काय बोलू? त्या बाईची भाषा मला येती व्हय?"

दौंडला नोकरी करणारा माझा भाऊ म्हणाला, "दुसरा बघ एखादा." त्यावर आई संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

मग मला माझा लॅपटॉप आठवला. दिवाळीत तिच्या फोनमधले फोटो उतरवून घेताना मी त्यावर तिचं खातं उघडलं होतं. तेव्हापासून तिची हिस्ट्री तिथंही दिसायची. पण लॅपटॉपला इंटरनेट मिळालं असतं, तर फोनवर पुसलेलं तिथूनही पुसलं गेलं असतं. आमच्या घरी तो आपोआप वायफायला जोडला जातो. आईकडं वायफाय नाही, शिवाय ओळ ओळखायला तीच हवी. म्हणून लॅपटॉप तसाच बंद पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि भीमेचा पूल ओलांडून केडगाव गाठलं.

ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पोटावर हात ठेवून वहिनी. हिस्ट्री होती! आई जे जे फोनला बोलली होती, ते तसंच्या तसं उमटलेलं. मी मोठ्यानं वाचू लागले.

"'बाबा रे, टाचंला भेगा पडल्यात, काय लावू.'"

"मग? इचारायला नको?" आई म्हणाली.

"'म्हस दूध चोरती, काय करावं सांग लवकर.'"

वहिनी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आईही पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यात ती ओरडली, "थांब! त्यो बघ, लाल गुंडा!"

त्या ओळीवर बाण नेऊन पत्ता पूर्ण दिसेपर्यंत थांबले आणि माझ्या फोननं त्याचा फोटो काढला. मग एकेक अक्षर बघत तो आईच्या फोनवर टाइप केला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा पान उघडलं.

"आलीस का बाई!" आई त्या परदेशी बाईच्या फोटोला म्हणाली.

ते पान मी फोनच्या पहिल्याच पडद्यावर आणून ठेवलं. आईला दाखवायला गेले तर तिच्या हातात सुया आलेल्या होत्या.

"च्या तूच टाक," ती मान वर न करता म्हणाली. "माझा टाका मोजायचा राहील."

वहिनीला मुलगी झाली. स्वेटर तिला चांगला चार बोटं मोठा झाला. वहिनीनं बाह्या दुमडल्या आणि आई म्हणाली, "वाढतं लेकरू हाय." आता शेजारच्या दोघीजणी दुपारी सुया घेऊन ओट्यावर येतात. फोन मधे ठेवतात. आई त्यांना त्या पानावरचं सगळं आपल्या भाषेत समजावून सांगते, जणू ती बाई तिची सख्खी मावसबहीण आहे.