सलीमची जळालेली व्हॅन

लातूरजवळच्या मुरुडमधल्या सलीमचा बाप भांड्यांना कल्हई करायचा. सलीमला तो धूर कधी मानवला नाही. दहावीत दोनदा आपटल्यावर तो एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागला. चोवीस वर्षांचा होता तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला आणि ठेकेदाराची जीप सरकारी कामाला गेली. महिनाभर सलीमनं त्या जीपमधून डॉक्टर नेले, तंबू नेले, तलाठी नेले. पडलेल्या घरांपुढं माणसं नुसती बसून असायची आणि तलाठी वही उघडून विचारायचा, घर किती खणांचं, माणसं किती गेली, जनावरं किती. चूक कुणाची, असं कोणी कुणाला विचारत नव्हतं. जमीन हलली, तिला काय विचारणार? सलीमच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट बसली ती बसलीच: माणसाचं मोठं नुकसान झालं की कोणीतरी वही घेऊन त्याच्या दारात येतं.

पुढच्या पंधरा वर्षांत लातूर ओळखू येईना. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या, बारावीतल्या पोरांचे फोटो चौकात लटकू लागले. मुरुडच्या मुलींनाही डॉक्टर व्हायचं होतं, पण भल्या सकाळच्या एसटीतली रेटारेटी त्यांच्या आईबापांना नको होती. शेषेराव नावाचा एक बागायतदार शेतकरी सलीमला म्हणाला, "सलीमभाई, तुम्ही गाडी घ्या. माझी उज्वला पहिली बसंल. तुमच्यासारखा माणूस असल्यावर आम्हाला घोर न्हाई."

सलीमनं नवी पांढरी व्हॅन घेतली. त्याची थोरली अर्शिया अकरावी सायन्सला होती, तीही त्यातच. सकाळी साडेपाचला आठ मुली, दप्तरं, डबे, आणि लातूर येईपर्यंत रसायनशास्त्राची घोकंपट्टी. ऐकून ऐकून सलीमलाही निम्मी मूलद्रव्यं पाठ झाली होती.

गाडीची सर्व्हिसिंग तो बाहेरच्या मिस्त्रीकडं कधी करत नसे. मुली बसतात म्हणून कंपनीची पाटी असलेल्या लातूरच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यायचा. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसिंगहून आणताना सीटखालून पेट्रोलचा वास येत होता. सलीम वाटेतूनच सर्व्हिस सेंटरला माघारी गेला. या गाडीचं इंजिन सीटखाली असतं, पण टाय लावलेल्या सुपरवायझरनं सीट उचलूनही न पाहता सांगितलं, "नवा फिल्टर टाकलाय, चाचा. दोन दिवस वास येतोच. बिनघोर चालवा."

सलीमनं ते मानलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरुड सोडून चार-पाच मैल गेल्यावर उज्वला म्हणाली, "चाचा, डोकं दुखायलंय वासानं." सलीम काच खाली करायला वळला तोच पायाशी ऊब लागली आणि सीटच्या कडेनं धूर वर आला. त्यानं गाडी कडेला घातली, मागचं दार सरकवलं आणि मुलींना हाताला धरून, काहींना अक्षरशः फरफटत बाहेर काढलं. "दप्तरं राहू द्या! पळा, तुरीत पळा!" शेवटी अर्शियाला ओढलं. ती डब्याची पिशवी सोडत नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत गाडीचा नुसता सांगाडा उरला. आठही मुली धडधाकट होत्या. त्या तुरीच्या कडेला उभ्या राहून रडत होत्या, आणि सलीम मुलींना पुन्हा पुन्हा मोजत होता. दर वेळी आठच भरत, तरी त्याला खात्री वाटेना.

त्यानंतरचे आठ दिवस सलीम घरी बसून राहिला. पोलिसांनी पंचनामा केला होता. आता कोणीतरी येईल, विचारेल, लिहून घेईल, असं त्याला वाटत होतं. बायको जोहरा शेवटी म्हणाली, "अजी, कुणाची वाट बघून राहिलेत? ह्यो काय भूकंप हाय का? ज्यानं गाडी बिघडवली त्याच्याकडं जा की."

तो सर्व्हिस सेंटरला गेला. सुपरवायझरनं एक कागद पुढं केला. खाली सलीमचीच सही होती. "गाडी समाधानकारक मिळाली, असं तुम्हीच लिहून दिलंय." सलीमला सही आठवत होती. गाडी न्यायची तर सही करावीच लागते, एवढंच त्याला ठाऊक होतं. विम्याचा माणूस मात्र आला, वहीच घेऊन आला, तेव्हा सलीमला बरं वाटलं. त्यानं विचारलं, "मुलींकडून भाडं घेत होता?" सलीम म्हणाला, "हाव, महिन्याचं." त्या माणसानं वही मिटली. खासगी पासिंगची गाडी भाड्यानं चालवली, म्हणून विमा मिळणार नाही, असं पत्र महिन्याभरात आलं. सलीम ते पत्र खिशात घेऊन हिंडायचा. अख्खं मुरुड ज्याला भलं काम म्हणत होतं ते गुन्ह्यात कधी जमा झालं, हे त्याला कळेना.

सर्वांत मोठा घोळ शेषेरावनं घातला. उज्वलाला त्यानं लातूरला खोली करून दिली होती. एकदा बाजारात गाठ पडली तर म्हणाला, "सलीमभाई, एक सांगा. वास येत होता तर पोरी बसवल्या कशाला?"

"ते म्हणले, जाईल वास."

"त्यांचं सोडा. तुमच्या नाकाला काय झालतं?"

सलीम तसाच बाजारातून निघाला. घरी येऊन तो अर्शियाकडं बघत राहिला. आपण भरपाई मागायची की माफी, हे त्याला उमजेना. एका दिवशी वाटायचं, आपली गाडी जाळली त्यांनी. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आपण आठ लेकरं जाळायला निघालो होतो.

सर्व्हिस सेंटरचं मुख्य ऑफिस नांदेडला होतं. तिथून निरोप आला तसा तो गेला. गुरुपादप्पा नावाचे मॅनेजर फार गोड बोलले. चहा पाजला, मुलींची चौकशी केली आणि म्हणाले, "तुमचं नुकसान झालं हे आम्हाला पण दिसतंय. नवी व्हॅन घ्या, आम्ही भरपूर सूट देतो. फक्त इथं सही." कागद इंग्रजीत होता. सलीमचा हात पेनापर्यंत गेला. एवढा मोठा माणूस आपल्याला बसा म्हणतो, हाच न्याय असेल, असं त्याला क्षणभर वाटलं. पण मागच्या सहीची आठवण झाली. "घरी इचारून येतो," म्हणत त्यानं कागद मागितला. मॅनेजर कुरकुरले, पण झेरॉक्स दिली.

कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी तो कागद वाचला. "यात लिहिलंय, गाडी तुम्ही बाहेरून वायरिंग केल्यानं जळाली आणि सर्व्हिस सेंटरविरुद्ध तुमचं काही म्हणणं नाही."

"पण मी वायरिंगला हातच लावला न्हाई."

"मग सही कशी करता?"

सलीम गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरला जेवला आणि संध्याकाळच्या बसनं परत आला. सूट हातची गेली की आपण फसता फसता वाचलो, हे त्याला बसमध्येही ठरवता आलं नाही. जोहरानं मात्र लगेच ठरवलं. "जो खोटं लिहून घेतो, त्याला खरं माहीत असतंय," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला ग्राहक मंचाच्या वाटेला लावलं.

वकील तरुण होता आणि फी नंतर द्या म्हणाला. त्यानं एकच गोष्ट बजावली: "वास आल्याचं बोलायचं नाही. तुमच्यावर उलटेल."

तारखांवर तारखा पडल्या. दरम्यान सलीमला एक साक्षीदार मिळाला, तोही न शोधता. मन्मथ नावाचा साठीकडं झुकलेला मेकॅनिक त्या सर्व्हिस सेंटरमधून निवृत्त झाला होता. तो स्वतःच मुरुडला आला. ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या गाडीच्या पेट्रोल पाइपाचा क्लॅम्प तुटला होता. नवा स्टॉकमध्ये नव्हता. मी तारेनं बांधला आणि सुपरवायझरला सांगितलं, ही गाडी सोडू नका. त्यांनी सोडली. आठ पोरी होत्या म्हणं. तवापासून मला झोप न्हाई."

सलीमला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तार बांधणारा आणि वास येऊनही गाडी चालवणारा, दोघं समोरासमोर बसले होते. जोहरानं दोघांना चहा दिला.

मन्मथनं मंचापुढं जसंच्या तसं सांगितलं. मग सलीमला उभं केलं. समोरचा वकील म्हणाला, "गाडीत काही दोष आहे असं तुम्हाला वाटलं होतं का?" आपला वकील डोळे मोठे करून बघतोय हे सलीमला दिसलं.

"वास येत होता साहेब," तो म्हणाला. "त्याच दिवशी माघारी नेऊन सांगितलं. ते म्हणले, बिनघोर चालवा. माझी लेकपण त्यात होती. खोटं वाटलं असतं तर तिला बसवली असती का? पण बसवायला नको होती. हे मला आता कळायलंय."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

चार महिन्यांनी निकाल लागला. सर्व्हिस सेंटरनं सेवेत हयगय केली, गाडीची त्या वेळची किंमत द्यावी. मात्र वास येत असूनही मुलींना बसवल्यामुळं त्यातला चौथा हिस्सा कापावा. सलीमनं वकिलाला विचारलं, "म्हंजे जिंकलो का आपण?"

"जिंकलो. आणि तुम्ही गाडी परत नेली होती असं बोललात, तेही निकालात लिहिलंय. त्यांच्याच गेटवरच्या वहीतल्या नोंदीशी ते जुळलं."

"मग चौथा हिस्सा?"

"तो तुमच्या बोलण्यामुळंच गेला."

एकाच बोलण्यानं मिळालं आणि त्याच बोलण्यानं गेलं, हे सलीमनं जोहराला तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचाच गोंधळ झाला. पैसे वसूल व्हायला आणखी वर्ष गेलं. त्यातून त्यानं जुनीच पण पिवळ्या पाटीची, परवान्याची जीप घेतली.

त्या पावसाळ्यात शेषेराव दारात आला. उज्वलाला तिसऱ्या खेपेला नांदेडला डॉक्टरकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, सामान न्यायचं होतं. "येता का?" एवढंच त्यानं विचारलं. सलीम गेला. उज्वला मागं गादी आणि ट्रंकांमध्ये झोपली होती, शेषेराव पुढं बसला होता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याला चहासाठी थांबले तेव्हा शेषेराव कप हातात धरून म्हणाला, "त्या दिशी बाजारात मी तुम्हाला बोललो. बोलायला नको होतं का हवं होतं, मला आजून समजंना झालंय."

सलीमनं चहा बशीत ओतला. "तुमचं बोलणं मंचानं रुपयात चार आणे खरं धरलं बघा, दादा," तो म्हणाला. "मला इचाराल तर कधी दोन आणे वाटतात, कधी आठ."

शेषेरावनं चहावाल्याला आणखी एक कप सांगितला, उज्वलासाठी, आणि तो स्वतःच घेऊन जीपकडं गेला.