मागे न घेता आलेली साक्ष

माझा थोरला भाऊ आमच्या गावी, निरवांगीत, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, हे त्याचं काम. मी बारामतीत राहतो आणि वर्तमानपत्रात तालुक्याच्या बातम्या लिहितो. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती आहे.

दादा आजारी पडला तेव्हा तो आजार आहे हे आधी कुणाला कळलं नाही. सकाळी उठायचा, चहा अर्धा टाकायचा आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवा व्हायचा. गिऱ्हाइकं मोटारी आणून बंद दुकानापुढे ठेवून जायची. एकानं दारातूनच विचारलं, "मिस्तरी, आता तुमचीच मोटार जळाली व्हय?" दादा त्यावर थोडा हसला. तेवढंच. जेवण सुटलं. मग एकदा तो वहिनीला म्हणाला, "मी नसलो तर बरं हुईल तुमचं," आणि वहिनीनं दोन फोन केले. एक पाळकांना, एक मला.

पाळक संध्याकाळी आले. दाराच्या चौकटीला तेल लावलं, दादाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ख्रिस्ती माणसाचं आयुष्य ही लढाई आहे, शत्रू दिसत नाही, तो मनावर चालून येतो आणि प्रार्थना, उपास हीच आपली हत्यारं, असं ते नेहमी शिकवत. आम्ही भाऊ लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो. दुसऱ्या दिवशी मी दादाला बारामतीला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पाळकांनी त्याला हरकत घेतली नाही, याची नोंद इथे व्हायला हवी. ते म्हणाले, "घ्या की गोळ्या. त्याबी देवानंच दिल्यात."

दादाला हळूहळू गुण आला. तो दाढी करू लागला. दुकान उघडलं.

आमच्या प्रार्थनाघरात रविवारी उपासनेनंतर साक्ष देतात. ज्याला काही अनुभव आला तो उभा राहून सांगतो आणि लोक वाक्यावाक्याला "हालेलुया" म्हणतात. साक्षीचा एक ठरलेला साचा असतो. मी अंधारात होतो, सगळे उपाय केले, कशानं काही झालं नाही, मग प्रभूनं हात धरला. दादा चारचौघांत बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी तो उभा राहिला, अडखळला, लोकांनी "स्तुती असो" म्हणून आधार दिला आणि तो त्या साच्यातून पुढे गेला. शेवटी म्हणाला, "गोळ्या सोडून दिल्या, आन् प्रभूनं मला उभं केलं."

प्रार्थनाघर दणाणलं. मी शेवटच्या सतरंजीवर बसलो होतो. सकाळची गोळी त्यानं माझ्यासमोर घेतली होती.

परत येताना मी विचारलं. तो म्हणाला, "निघून गेलं तोंडातनं."

"मग पुढच्या रविवारी सांग तसं."

"देवाच्या घरात बोललोय. आता ते खरं करायचं."

त्या दिवसापासून त्यानं गोळ्या बंद केल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. देवाच्या नावानं खोटं बोललं गेलं होतं आणि ते खरं करणं हाच त्याला विश्वास वाटला. वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती येते. कुणी ती वाचत नाही, पण येते. साक्षीला तशी जागा नाही.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला तो पुन्हा भिंतीकडे वळला. वहिनीनं पुष्कळ विनवलं. गोळी घेतली तर शत्रू जिंकला, याच्यापलीकडे तो काही बोलत नसे. मग एक दिवस वहिनी गिरणीतून दळण घेऊन आली आणि तिथे ऐकलेलं तिनं त्याला सांगितलं. आमच्याच प्रार्थनाघरात येणाऱ्या एका बाईंच्या मुलीला फिट येतात. दादाची साक्ष ऐकून त्या बाईंनी मुलीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. दादा उठून बसला. मला फोन करून म्हणाला, "रविवारी ये. मला खरं सांगायचंय."

रविवारी तो उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "मी खोटं बोललो. गोळ्या चालू व्हत्या माझ्या. त्या बंद केल्या म्हणून आता परत पडलोय. ताई, तुमी पोरीच्या गोळ्या—"

एवढंच झालं. पुढून कुणीतरी "येशूच्या नावात" म्हणून ओरडलं आणि सगळे उठले. कुणी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी खांद्यावर. एक जण त्याच्यातल्या खोट्या आत्म्याला निघून जा म्हणून हुकूम करू लागला. दादा मधूनमधून "ऐका तरी" म्हणत होता. पाळकांनी शांत व्हा म्हणून हात वर केला, तो कुणी पाहिला नाही. मग त्यांनीही डोळे मिटले.

शत्रू आधी माणसाची साक्ष काढून घेतो, असं तिथे शिकवलेलं होतं. खंगलेला माणूस उभा राहून देवाचं काम नाकारत होता. त्या शिकवणीप्रमाणे लोक बरोबर वागले. मी सवयीनं जबाबदार कोण ते शोधलं. मला कुणी सापडलं नाही. शत्रू आहे की नाही यावर मी बोलणार नाही. असलाच, तर त्या सकाळी त्याला काही करावं लागलं नाही.

बाहेर त्या बाई चप्पल घालत होत्या. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. मुलगी शेजारी उभी होती. बाई दादाला म्हणाल्या, "भिऊ नका भाऊ. तुमच्यासाठी शुक्रवारचा उपास धरते मी."

दादानं विचारलं, "पोरीच्या गोळ्या?"

"बंदच हायत की. तुमीच तर वाट दावली."

मी म्हणालो, "ताई, तो आत्ता खरं बोलत होता."

"तुमी पेपरवाले. तुमाला वरवरचंच दिसायचं," त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. नंतर पाळक स्वतः त्यांच्या घरी समजावायला गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "म्हणाली, पाळकसाहेब, तुमाला बी विश्वासात बळ मिळावं म्हणून प्रार्थना करते."

दादानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्या लागू पडल्या. दुकान चालू आहे. प्रार्थनाघरात तो जात नाही, जेवणाआधी हात जोडत नाही. मी एकदा विषय काढला. म्हणाला, "हरलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं हाक मारायची?" वहिनी एकटीच प्रार्थना म्हणते आणि तो ताटाकडे बघत थांबतो.

मध्यंतरी ती मुलगी उपासना चालू असतानाच पडली. तिचा ओठ फाटला. लढाई आता संपत आली म्हणून शत्रू चवताळलाय, असा बायकांनी अर्थ लावला.

परवाच्या शुक्रवारी मी दुकानात बसलो होतो. त्या बाई मुलीला घेऊन रस्त्यानं जात होत्या, त्या थांबल्या. "भाऊ, हलकं वाटतंय न्हवं आता?"

दादानं मुलीच्या ओठावरचे टाके पाहिले. "ताई, गोळ्यांनी वाटतंय. हिलाबी चालू करा, तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला. बाईंनी डोळे मिटून पुटपुटत त्याच्यासाठी छोटी प्रार्थना केली आणि मुलीचा हात धरून निघून गेल्या.

रविवारी वहिनीचा फोन आला. बाईंनी साक्ष दिली होती. भावाचं दुकान उघडलं, प्रभूनं माझा उपास ऐकला, आता माझ्या लेकीची पाळी.