डाव्या खुर्चीवरचा जावई

मालक बोलायला लागले की आधी टेबलावर मूठ आदळायची, मग वाक्य यायचं. नोएडातल्या आमच्या ऑफिसात काचेची टेबलं होती तेव्हा त्यांनी दोन फोडली. मग लाकडी आणली. लाकडाला काही झालं नाही, त्यांची करंगळी मोडली. पट्टी बांधून आले आणि दुसऱ्या हातानं आपटायला लागले. "मार की गं! आरती ओवाळायला बसलीयस काय?"

हे मला. त्यांच्या व्हिडिओ गेममधल्या मारामाऱ्या मी काढायचे. हात पिरगळला की खांदा कसा निखळतो, बरगडीत गुडघा बसला की माणूस कसा दुमडतो, हे माझं रोजचं काम. पुण्यात आईला सांगितलं होतं, ॲनिमेशन करते. तिला वाटायचं, ससे-बिसे काढत असेल.

मालक सांगलीकडचे. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे उजव्या कानाचा पार गोळा झालेला. ऑफिसातले हिंदीवाले त्यांना पहलवानजी म्हणत, मी मालक म्हणायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या मायेचीसुद्धा धास्ती वाटते. काम आवडलं की पाठीत असा गुद्दा घालायचे की चहा नाकातून यायचा.

हाड मोडल्याचा आवाज हवा होता, तर गाझियाबादच्या रसवंतीवरून उसाची मोळी आणली आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर एकेक कांडं मोडत बसले. शेजारच्या ऑफिसातल्या बाईंनी सिक्युरिटीला फोन केला, इथे कुणाला तरी मारतायत म्हणून. सिक्युरिटीवाला धावत आला. मालकांनी त्यालाच दोन कांडी मोडायला लावली.

एकदा ऑफिसखाली एका गाडीवाल्यानं ई-रिक्शावाल्याच्या कानाखाली वाजवली. मालक वरून धाडधाड उतरले आणि त्या गाडीवाल्याला कॉलर धरून त्यांनी त्याच्याच बॉनेटवर आदळलं. आम्ही चौकीत सोडवायला गेलो, तर हे हवालदाराला मान कशी अडकवायची ते दाखवत होते! हवालदाराचा चेहरा जांभळा. "मालक, सोडा त्यांना," मी हात जोडून म्हणाले. "थांब गं, शिकतोय तो."

बायको नाही, पोरंबाळं नाहीत. आयुष्यात एकच इच्छा, हा कुस्तीचा गेम बाहेर यावा, अनोळखी लोकांनी तो खेळावा आणि एकमेकांना मनसोक्त बडवावं. त्यासाठी गेम बाजारात आणणारी मोठी कंपनी हवी होती. ती गाठायची तर व्यापारी मेळावा.

हे मेळावे तुम्ही पाहिले नसतील, म्हणून सांगते. द्वारकेच्या बाजूला मोठा हॉल, पायाखाली गालिचा, गळ्यात ओळखपट्टे, हातात कॉफी. सगळे खेळांबद्दल बोलतात, खेळत मात्र कुणी नाही. मालकांचं तिथं डोकं फिरायचं. "ह्या मेळाव्यांचं आता काय काम उरलंय? व्हिडिओ घरबसल्या पाठवता येतो, मीटिंग घरबसल्या होते. मग इथं काय हळदीकुंकू?" आणि दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जायचेही. "काय करणार? बोलणी इथं होतात. नांदायचं तिथं."

तिथं म्हणजे चाहत्यांच्या मेळ्यात. रंगीत विग, पुठ्ठ्याची चिलखतं, फोमच्या तलवारी, घामाचा वास, शिव्या आणि न हलणाऱ्या रांगा. तिथं मालक फुलायचे. कुणी हरून कंट्रोलर आपटला की त्याच्या पाठीत गुद्दा ठरलेला.

आधीच्या एका व्यापारी मेळाव्यात एक बडे साहेब आमच्या गेममध्ये बसल्या बसल्या हरले. कंट्रोलर ठेवून जे उठले ते परत वळून आले नाहीत. तेव्हा मालकांनी मन मारून एक युक्ती केली. डाव्या खुर्चीवर बसणाऱ्यानं कितीही मार खाल्ला तरी तो मरणार नाही, उरलेला जीव दाखवणारी पडद्यावरची रक्ताची रेघ टोकाशी येऊन अडकेल. पाहुण्याला नेहमी डावीकडे बसवायचं. गेमच्या ह्या आवृत्तीचं नाव आम्ही ठेवलं जावई बिल्ड. जावयाला काही हरवत नाहीत! हिंदीवाले दामाद बिल्ड म्हणत. मालकांना ते नाव ऐकलं तरी राग यायचा, पण बनवलं त्यांनीच.

आणि लागू पडलं की हो! त्या वर्षी द्वारकेला एका कंपनीचे साहेब डावीकडे बसले, फोनवर बोलत बोलत जिंकले आणि खूश झाले. म्हणाले, "परसों नोएडा के फैन मेले में आता हूँ. भीड़ दिखा दीजिए, वहीं साइन कर लेंगे." मालक त्या रात्री आम्हा सगळ्यांना जेवायला घेऊन गेले आणि आनंदाच्या भरात वेटरलाच गुद्दा घातला.

सामान टेम्पोतून द्वारकेहून थेट नोएडाला आलं. मांडणी मालकांनी स्वतः केली, कारण त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. आणि गेमच्या लॅपटॉपात जावई तसाच राहिला.

आता चाहत्यांच्या मेळ्यातली रीत अशी, की जिंकेल तो खुर्चीवर बसून राहणार, हरेल तो उठणार. डाव्या खुर्चीवर काळा झगा आणि फोमची शिंगं घातलेला एक जण बसला, तो उठेचना. आधी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, "राजा, राजा" करून छप्पर दणाणून सोडलं. मग उजवीकडे पुठ्ठ्याचं चिलखत घातलेली एक मुलगी आली. काय खेळायची पोरगी! त्याच्या पैलवानाचा खांदा उखडला, मान मोडली, उचलून उचलून आपटला. रेघ टोकाशी येऊन अडकली ती अडकलीच. "अरे, ये मर क्यों नहीं रहा?" ती किंचाळली.

मागून कुणीतरी ओरडलं, "सेटिंग है!" झालं. पाण्याची बाटली आली. शिंगवाल्याच्या मुस्काटात बसली, शिंगं कुणीतरी उपटली. स्टॉलवर उभा केलेला आमचा पुठ्ठ्याचा पैलवान फाडला, एक मॉनिटर पाडून त्याच्यावर नाचले. बाउन्सर कोपरं मारत घुसले, तर त्यांनाही लाथा. एकाचं नाक फुटून माझ्या कुर्त्यावर रक्त उडालं.

कंपनीचे साहेब तिथंच मागं उभे. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बोल दीजिए टेक्निकल प्रॉब्लम है. कल साइन कर देंगे, कोई बात नहीं." मी माइक उचलला. खोटं बोलायला मला काडीचीही लाज वाटत नव्हती, आमचा गेम वाचत होता.

मालकांनी माइक हिसकावला. "टेक्निकल कुछ नहीं है. मैंने किया है. धंधे के मेले में बड़े लोगों को हारना नहीं आता, इसलिए. ये साहब भी परसों ऐसे ही जीते हैं."

लोक साहेबांकडे बघून खदाखदा हसले. साहेबांनी आधी मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. मला मालकांचा असा संताप आला की वाटलं, आपणच एक ठेवून द्यावी.

ती दुसऱ्याच कुणीतरी दिली. स्टीलची बाटली भिरभिरत आली ती थेट मालकांच्या चष्म्यावर. काच फुटून डाव्या डोळ्यात घुसली. त्यांनी डोळ्यावर हात दाबला, बोटांतून रक्त ओघळून शर्टाच्या बाहीत गेलं. मी किंचाळले. गर्दी दोन पावलं मागं सरली.

"मालक, हॉस्पिटलला चला!"

"थांब." लॅपटॉपवर वाकून त्यांनी एका हातानं तो जावई काढून टाकला. कीबोर्डावर रक्त ठिबकत होतं. मग डाव्या खुर्चीवर बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "बैठ. अब मार."

ती रडवेली झाली होती. "अंकल, आपकी आँख..."

"मार की गं!"

तिनं मारलं. मालकही सोडत नव्हते, त्यांनी तिच्या पैलवानाचा गुडघा मोडला, तिनं ह्यांची बरगडी. शेवटी तिनं त्यांना डोक्यावरून मागं फेकलं आणि रेघ संपली. मालक हरले. ते उठले, रक्ताळलेल्या हातानं तिच्या पुठ्ठ्याच्या चिलखतावर एक गुद्दा घातला आणि खाली कोसळले. आम्ही त्यांना उचलून गाडीकडे धावलो. त्या गडबडीत कुणीतरी तो लॅपटॉप पळवला.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणायला हवं होतं. डोळा गेला. कंपनीनं नकार कळवला, ऑफिस बंद पडलं आणि मालक सांगलीकडे निघून गेले. लॅपटॉपची तक्रारसुद्धा त्यांनी करू दिली नाही. मी फोनवर भांडले, "एक खोटं बोलला असतात तर गेम बाहेर आला असता, मालक!" ते म्हणाले, "आला असता. पण जावई होऊन आला असता." मी रागानं फोन ठेवला. मग दर महिन्याला करत राहिले. गेल्या हिवाळ्यात तो त्यांच्या पुतण्यानं उचलला. झोपेतच गेले म्हणाला. इतक्या मारकुट्या माणसाला झोपेत कसं मरण आलं, हेच मला कळेना.

आता मी दुसरीकडे काम करते. ह्या वर्षी चाहत्यांच्या मेळ्याला गेले होते. खाण्याच्या स्टॉलमागे भिंतीला टेकून कॉलेजच्या दोन मुली लॅपटॉपवर खेळत होत्या. पडद्यावर आमचे पैलवान! मी त्यांच्या शेजारीच खाली बसले.

"ये कहाँ से मिला?"

"सबके पास है, मैम. पेनड्राइव में घूमता है."

"किसने बनाया, पता है?"

"कौन जाने. हटिए ना मैम, ये मेरी जान ले लेगी!"

मी बाजूला सरकले. दुसरीनं तिला उचलून आपटलं, रेघ संपली. हरलेलीनं मैत्रिणीच्या दंडावर जोरात फटका मारला आणि ओरडली, "फिर से!"

मला तिथंच भोकाड पसरून रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यांचा पुढचा डाव सुरू झाला होता.