परत आलेली मूठ

बाजरीला कोंदट वास आला, की साताऱ्याच्या या फ्लॅटमध्येही माझा हात डब्यात थबकतो.

लग्न होऊन मी आटपाडीकडच्या खेड्यात गेले, तेव्हा आमच्या बायकांच्या गटाचा रिवाज होता. भाकरी थापण्याआधी प्रत्येक घरानं मूठभर बाजरी बाजूला काढायची. दर सोमवारी जमलेल्या बाजरीची पिशवी मी एकट्या राहणाऱ्या तानूमावशींच्या उंबऱ्यावर ठेवायचे. "दार वाजवू नगंस, हाक मारू नगंस. घेणाऱ्याला लाज वाटती," गटाच्या अक्का बजावायच्या. मागची पिशवी घडी घालून तिथंच असायची. आत मूठभर बाजरी, गटासाठी मावशींचा स्वतःचा वाटा.

त्या सोमवारी भर दुपारी घडी होती, मूठही होती. पण बंद दाराआडून वास येत होता.

मी अक्कांना बोलावून आणलं, त्यांनी दार ढकललं. मावशी जाऊन काही दिवस झाले होते. पाटीत मागची बाजरी तशीच होती, वर फक्त पाच बोटांचा खड्डा.

"आपली मूठ आधी काढली बघ," अक्का पुटपुटल्या, "आन् मग गेली."

आता कुणाच्याही दारात काही ठेवायचं असलं, की मी आधी कडी वाजवते. आतून "कोण हाय?" ऐकू येईपर्यंत पायरी सोडत नाही.