सोनीचं नाक

मांजर मारल्याचं पाप फेडायला लोक पार दक्षिणेतून काशीला येत. सोन्याचं मांजर दान केलं की सुटका, अशी समजूत. आमच्या शेजारचे बिंदुमाधव गद्रे, आमचे बिंदुकाका, ब्रह्माघाटावर बसून ते दान घ्यायचे. संकल्प असा खणखणीत सांगायचे की नावेतून जाणाऱ्यांचंही पाप सोबत धुऊन निघावं. पण काशीतल्याच माणसाच्या हातून मांजर मेलं तर त्याने कुठे जावं? हा प्रश्न काकांना कधी पडला नव्हता. एका पौषात तो त्यांच्याच घरात येऊन बसला.

काकांना मूलबाळ नव्हतं. होती ती सोनी, पिवळ्या पट्ट्यांची मांजरी. काका जपाला बसले की ती मांडीवर. दानातली मांजरं गुंजभर सोन्याची, तीही पातळ. काका सोनीला थोपटत म्हणत, "अस्सल सोनं ते हे."

त्या थंडीत सोनी शिंकायला लागली. डोळे चिकटले, नाकावर खपली धरली, श्वास तोंडाने घेऊ लागली. मांजरांचा डॉक्टर तेव्हा कुठला? छावणीत होता तो गोऱ्या साहेबांच्या घोड्यांचा. आणि काकांना डॉक्टर हवा होता कशाला! चोंदलेल्या नाकावर त्यांचा एकच इलाज, तपकीर. चांगली चिमूटभर तिच्या नाकाशी धरली. एवढा मोठा वैदिक, पण अक्कल गहाण ठेवलेली. सोनी शिंकून शिंकून बेजार झाली, नाकातून रक्ताचा थेंब आला, आणि जी चुलीमागे जाऊन बसली ती दुधाकडेही बघेना.

आनंदीकाकूंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. "बिल्लीला कोणी तपकीर देतं का? आता ती गेली तर तुम्हाला संकल्प कोण सांगणार?"

 

काकूंनी सोनीला टोपलीखाली ठेवलं, शेजारी वाफाळत्या पाण्याचं पातेलं आणि वरून धाबळी. कोमट पाण्याने नाक पुसलं. श्वास जरा मोकळा झाला, पण खाण्याचं नाव नाही. दूध, साय, तूपभात, सगळ्याला पाठ. पाठीची हाडं हाताला लागू लागली. काकांच्याही घशाखाली घास उतरेना.

"अहो, गेल्या साली सर्दी झाली तेव्हा माझ्या पुरणपोळीला माती म्हणालात, आठवतं?" काकू म्हणाल्या. "बेचारीला वासच येत नाही, तर खाईल कशी? हिला जोरदार वासाचं काहीतरी पाहिजे."

"तुपात हिंग घालून बघ."

"बिल्लीला हिंग! तुम्ही आपले वेदच सांगा."

जोरदार वास कशाला येतो, हे गंगेच्या काठी राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. काका उठले, उपरणं घेतलं आणि भर सकाळी ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरून झूरी मल्लाहाच्या नावेपाशी उभे राहिले.

"झूरी, एक मछली दे."

झूरीने कानाला हात लावले. "महाराज, आप? हमको पाप लगेगा!"

"पाप हम देख लेंगे. वो हमारा काम है. तू मछली दे."

उपरण्याच्या टोकात मासा घेऊन काका घाटावरून चालत आले. लपवला नाही. बोळात तीन विटा मांडून फुटक्या मडक्यात तो स्वतः उकडला, नाक दाबून काटे काढले आणि गरम तुकडा सोनीच्या नाकाशी धरला. नाक हललं. जीभ बाहेर आली. मग तिने तुकडा खाल्ला, आणि पाठोपाठ काकांची बोटं चाटली. काका ढसाढसा रडले. मग थेट गंगेत बुडी, नवं जानवं, पंचगव्य, सगळं साग्रसंगीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मासा आणताना पायऱ्यांवर ढुंढिराजशास्त्री आडवे आले. आमच्या वैदिकांच्या पंगतीत कोणी बसायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरे.

"बिंदुमाधवभट, काल तुम्ही प्रायश्चित्त घेतलंत, विषय मिटला होता. आज पुन्हा? असं चालवणार असाल तर पंगतीत तुमचं पान मांडता येणार नाही."

"शास्त्रीबुवा," काका म्हणाले, आणि आवाज संकल्पाचाच लागला, "मांजर मारून आलेल्यांना मी याच घाटावर शुद्ध केलंय आणि तुम्ही पंगतीला बसवलंय. मी मांजर जगवतोय. मला उठवायचं तर खुशाल उठवा." मग वळून ओरडले, "झूरी, कल भी लाना! जरा बड़ी!"

घाटावर कोणीतरी फिसकन हसलं. शास्त्रीबुवा निघून गेले.

पुढच्या पंगतीत काकांचं पान मांडलं गेलं. जरा लांब मांडलं, पण मांडलं. काका ऐटीत जेवले आणि तुपाने माखलेले हात तसेच घेऊन घरी आले. सोनीने ते हुंगले, नाक मुरडलं आणि दाराकडे तोंड करून झूरीच्या माशाची वाट पाहत बसली.

"आनंदी, बाहेर ये!" काका ओरडले. "हिला वास येतोय गं!"