थुंकीनं पुसलेले साहेब

खिशातला रुमाल काढायचा, त्याच्या टोकाला जीभ लावायची आणि फोटोतल्या, शंभर वर्षांमागे मेलेल्या साहेबाचं तोंड त्यानं पुसायचं. हळूहळू, तान्ह्या बाळाचं पुसावं तसं. "थुंकीसारखं औषध नाही, बाई," काकाजी म्हणायचे. "पाण्यानं कागद फुगते, स्पिरिटनं चट्टे पडतात." मग फोटो नाकाशी धरून हुंगायचे. "अंड्याचा वास येते. म्हणजे असली! त्या काळी कागदाले अंड्याचं पांढरं लावत, माहीत हाय?"

वास त्यांना एकट्यालाच यायचा. मला यायची ती मळमळ. तोंडात तंबाखू, आणि तोच रुमाल पुन्हा त्याच खिशात!

धरमपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी टचिंगचं काम करायची. म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, तीळ, भाजल्याचे डाग घालवायचे. स्थळाकडे पाठवायचे फोटो असत ना, ते. शिकवलं कुणी नाही, मालकांचं पाहून पाहून हात बसला. हे गृहस्थ मागच्या गल्लीत राहायचे. जनावरांच्या दवाखान्याच्या हपिसात कारकून. सारे त्यांना काकाजी म्हणत. खरं नाव लिहीत नाही, त्यांच्या सुना-नातवंडं अजून इथेच आहेत.

आता नागपूरच्या कारकुनाला ऑस्ट्रेलियाचं वेड कुठून लागावं? तर कामठीवरून. इंग्रजांच्या काळी तिथल्या छावणीला घोडे लागत, आणि ते जहाजानं यायचे ऑस्ट्रेलियातून. घोड्यांसोबत व्यापारी आले, घोडे सांभाळणारे मोतद्दार आले, काही इथेच राहिले. त्यांच्या पेट्यांतून त्यांच्या मुलखाचे फोटोही आले. असला एक आल्बम काकाजींना कामठीच्या रद्दीवाल्याकडे सापडला आणि माणूस कामातून गेला. ज्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, तो सिडनीच्या धक्क्यावरची गलबतं बोटानं मोजून दाखवायचा.

वेडाचं मला काही वाटत नाही हो. वेड लागल्याशिवाय माणूस जगतो तरी कसा? पण एकदा त्यांनी एक फोटो माझ्या टेबलावर ठेवला. तिथले मूळचे काळे लोक, आठ-नऊ जण, उघडे, गळ्यात साखळ्या, एकाची साखळी दुसऱ्याला. पाठीमागे घोड्यावर शिपाई. मी पेन्सिल खाली ठेवली.

"दुर्मिळ हाय, दुर्मिळ!" काकाजी हुंगत म्हणाले. "मागचा घोडा पाह्य वं, काय जनावर हाय!"

"आणि समोरची माणसं, काकाजी?"

"कोणती?" असं म्हणून त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. खरंच पाहिला! तोवर त्यांना ती दिसलीच नव्हती. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

कामठीत त्या घोडेवाल्यांच्या वंशातला कुणी म्हातारा गोरा-सावळा माणूस आजारी पडला की काकाजी संत्री घेऊन तब्येतीची विचारपूस करायला हजर. मयताला तर घरच्यांच्या आधी, पेट्यांतल्या फोटोंवर डोळा ठेवून. आमचे मालक त्यांना तोंडावर गिधाड म्हणायचे. ते हसायचे. "गिधाड नसतं तं गावात वास नसता सुटला, मालक?"

एका रविवारी मला म्हणाले, "चाल कामठीले. बाईमाणूस संग असलं की दार उघडते." मी गेले. हे मी कबूल करते, मी माझ्या पायांनी गेले.

ती डोरा आंटी. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, मागेपुढे कुणी नाही. तिचा आजा घोड्यांसोबत आलेला. तिच्याजवळ आजीचा एकच फोटो होता, तळहातात मावेल एवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. लग्नाआधी तिकडे ऑस्ट्रेलियातच काढलेला. बाई उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, आणि उजव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. लहानपणी विलायतेहून तिकडे जाताना जहाजावर चुलीवर पडली होती म्हणे. "ग्रॅनी बोलती थी, डाग के साथ फोटो निकालो, नहीं तो मत निकालो," आंटी सांगत होती आणि भिंगातून तो डाग पाहत होती. आम्हाला तिनं चहासोबत घरचा केक दिला.

काकाजींचा केक बशीत तसाच. नजर फोटोवर. "आंटी, आठ दिवस द्या. नकल काढून असली परत आणून देतो, मले बी एक राहीन." आंटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं दिला.

कॉपी मी केली, आणि जीव ओतून केली. कागदाला जुना तपकिरी रंग यावा म्हणून ज्या रसायनात बुडवतात त्याला सडक्या अंड्यांचा घाण वास सुटतो. दोन दिवस तो माझ्या केसांतून गेला नाही. काकाजींनी कॉपी कुठल्याशा कुजक्या फोटोच्या जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि म्हणाले, "वा, बाई! सोनारानं बी ओळखू नये." मला आपलं कौतुक वाटलं. लाज नाही वाटली, कारण मला वाटलं होतं, ही त्यांच्यासाठी.

पंधरा दिवसांनी आंटीकडून निरोप आला, बेटीला पाठवा. मी गेले. तिनं फोटो माझ्या हातात दिला, भिंग दिलं. "देख बेटी, मेरी आँख गयी क्या? ग्रॅनी का डाग किधर गया?"

गाल स्वच्छ. तुळतुळीत. स्थळाला पाठवण्याजोगा.

माझ्या हातानं सवयीनं, मला न विचारता, तो डाग घालवला होता. आणि काकाजींनी माझी कॉपी तिला देऊन मूळ फोटो स्वतःकडे ठेवला होता. डागाकडे त्यांचंही लक्ष गेलं नाही. चेहऱ्याकडे पाहायची सवयच नव्हती त्या माणसाला!

मी तिथून थेट त्यांच्या घरी. ते ओसरीवर बसून पुठ्ठ्याची कड पुसत होते. रुमालानं. थुंकीनं.

"काहून तोंड वाकडं करून राहिली?"

"आंटीचा फोटो द्या."

"तिले दिसते कुठं? अन् तिच्याइथं वाळवी हाय, वं. दोन पावसाळ्यात खाऊन टाकीन. माह्यापाशी शंभर वर्षं जगन तो. तूच सांग, कोणाचा हाय मग? जो जगवते त्याचा."

  मी म्हटलं, "कामठीत घरोघरी जाऊन सांगते. एक दार उघडणार नाही तुम्हाला."

ते दचकले. देवाधर्माला, पोलिसाला न भिणारा माणूस बंद दाराला भ्यायला. बायकोच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून फोटो त्यांनी माझ्या हातात दिला आणि बसस्टॉपपर्यंत अनवाणी मागे आले. "उन्हात काढू नको वं. आडवा धर. घामाचा हात लावू नको." बस सुटली तरी हातानंच दाखवत होते, आडवा, आडवा. मुलगी सासरी धाडताना बाप असतो ना, तसा चेहरा. मला दया आली आणि त्या दयेचीही किळस आली.

आंटीला मी सारं खरं सांगितलं, माझ्या पेन्सिलीसकट. तिनं भिंग लावलं, डाग पाहिला आणि फोटो उशीखाली सारला. पुढे मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. एकदा म्हणाली, "बेटी, ये मेरे साथ जाएगी. उसको मत देना."

चारेक वर्षांनी ती गेली. तिचे हात मी घडी केले आणि फोटो त्याखाली ठेवला. शवपेटीला खिळे ठोकून झाले तेव्हा काकाजी फुलं घेऊन आत आले. या वेळी त्यांना उशीर झाला होता. खोलीभर नजर फिरवली, उशीकडे, फळीकडे, मग माझ्याकडे.

"कुठं हाय?"

मी पेटीकडे पाहिलं.

"मातीत घातला? बाई, तूनं तो मातीत घातला?" आणि ते खाली बसले. चारचौघांत, मोठ्यानं रडले. चर्चमधल्या बायकांना वाटलं, केवढा जिव्हाळा! एकीनं तर त्यांना पाणी आणून दिलं. 

त्यानंतर ते स्टुडिओत आले नाहीत. सहा-सात वर्षांनी वारले. आल्बमांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

ते गेल्यावर एकदा मी आंटीच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले, तेव्हा कब्रस्तानचा माळी म्हणाला, "तुमच्यासंगचे ते म्हातारे साहेब आता येत नाहीत?"

"यायचे?"

"लय वेळा. पहिल्यांदा आले तवा इचारलं, पेटी किती खोल हाय, लाकूड कोणतं, वाळवी लागते का. म्या म्हटलं, इथं समद्यालेच लागते."

"मग?"

"मग काही नाही. दर पावसाळ्याआधी डब्यात वाळवीचं औषध घेऊन यायचे अन् कबरीच्या चारही बाजूंनी ओतून जायचे."